पाऊस किती, कुठे आणि केव्हा?

एप्रिलच्या मध्यावर भारतीय हवामानशास्त्र विभाग एक आकडा जाहीर करतो. ‘यंदा मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के’ किंवा ‘१०५ टक्के’. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर येतो. म्हसवडचा शेतकरी तो वाचतो आणि बाजरी किती पेरायची याचा विचार करू लागतो. तासगावचा द्राक्ष बागायतदार वाचतो. कोयनेच्या पाण्याचे नियोजन करणारे अभियंते वाचतात. सांगलीत कृष्णाकाठी राहणारी कुटुंबेही वाचतात, कारण ऑगस्टमध्ये सामान वरच्या मजल्यावर न्यावे लागेल का, हा प्रश्न त्यांच्या मनात आताच उभा राहतो. आकडा एकच असतो, पण प्रत्येकाला त्यातून वेगळे उत्तर हवे असते.

पावसाबद्दल माणसाचे प्रश्न मुळात तीनच आहेत : किती पडेल, कुठे पडेल आणि केव्हा पडेल? एप्रिलमधला आकडा यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देतो, तेही संपूर्ण देशाचे मिळून आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे मिळून. उरलेल्या दोन प्रश्नांबद्दल तो जवळजवळ काही बोलत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मात्र पीक आणि माणसे वाचतात की बुडतात, ते या उरलेल्या दोन प्रश्नांवरच ठरते. म्हणून हंगामाचा अंदाज कसा तयार होतो, त्यात काय असते आणि काय नसते, हे इथल्या माणसाने नीट समजून घेतले पाहिजे.

दुष्काळातून जन्मलेले शास्त्र

भारतात हंगामी अंदाजाची गरज पहिल्यांदा तीव्रतेने जाणवली ती एका भीषण दुष्काळात. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये पाऊस हुकला आणि लाखो माणसे उपासमारीने व रोगराईने गेली. साताऱ्याचा पूर्व भाग, सोलापूर, विजापूरकडचा मुलूख यांनी त्या वर्षांत फार सोसले. हवामान विभागाची स्थापना नुकतीच, १८७५ मध्ये झाली होती. त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांच्यापुढे सरकारने प्रश्न ठेवला : पाऊस कमी होणार हे आधी कळू शकेल का?

ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाकडे पाहिले. हिवाळ्यात आणि वसंतात तिथे बर्फ जास्त साचला, तर पुढचा पावसाळा कमजोर जातो, असे त्यांच्या नोंदींतून दिसत होते. काही वर्षे प्रायोगिक अंदाज दिल्यावर ४ जून १८८६ रोजी त्यांनी पहिला नियमित हंगामी अंदाज प्रसिद्ध केला. इतक्या जुन्या काळापासून देशाच्या हंगामी पावसाचा अंदाज सरकारी पातळीवर सांगितला जात असल्याची उदाहरणे जगात फारशी नाहीत.

१९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर या विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरातल्या वेधशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायला सुरुवात केली. दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, ऑस्ट्रेलियातला दाब, आफ्रिकेतला पाऊस, हिमालयातला बर्फ. या प्रचंड आकडेमोडीतून त्यांच्या लक्षात आले, की प्रशांत महासागराच्या पूर्व भागात दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि तिकडे घटला की इकडे वाढतो. या आंदोलनाला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हणजे दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. आज जगभरच्या हंगामी अंदाजांचा जो मुख्य आधार आहे, त्याचा शोध भारतातला पाऊस समजून घेण्याच्या धडपडीतून लागला.

या विभागाचे मुख्यालय तेव्हा सिमल्यात होते. १९२८ मध्ये ते पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, तरी हंगामी अंदाजाचे काम पुण्यातच राहिले. दक्षिण आशियातल्या देशांनी एकत्र येऊन मोसमी पावसाचा अंदाज ठरवण्याची परिषद २०१० मध्ये पहिल्यांदा भरली, तीही पुण्यातच. साताऱ्याच्या शेतकऱ्याला मिळणारा अंदाज असा त्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात तयार होतो.

दूरच्या समुद्राचे इथल्या शिवारावर राज्य

दहा दिवसांनंतर पाऊस पडेल की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. मग चार महिन्यांचा अंदाज कसा सांगता येतो? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर १९८१ मध्ये ज्यूल चार्नी आणि भारतीय शास्त्रज्ञ जगदीश शुक्ला यांनी दिले. रोजची हवा चंचल असते. पण समुद्राचे तापमान, बर्फाचे आच्छादन, जमिनीतली ओल या गोष्टी सावकाश बदलतात. समुद्र एकदा तापला की तो महिनोन्‌महिने तापलेला राहतो आणि वरच्या हवेला त्या काळात एका बाजूला झुकवतो. हंगामी अंदाज या झुकावाचा असतो. अमुक तारखेला पाऊस पडेल असे तो सांगूच शकत नाही.

या झुकावात सर्वांत मोठा वाटा एल निनोचा, म्हणजे वॉकर यांच्या दक्षिणी आंदोलनाच्या समुद्राकडच्या बाजूचा आहे. प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलून ठेवतात. काही वर्षांनी हे वारे मंदावतात. उबदार पाणी मध्य आणि पूर्व प्रशांताकडे सरकते आणि हवा वर चढण्याची जागाही त्याबरोबर सरकते. मग भारताच्या बाजूला हवा खाली उतरण्याकडे कल वाढतो. खाली उतरणारी हवा ढगांना वाढू देत नाही. १९७२, १९८२, १९८७, २००२, २००९, २०१५ या साऱ्या कमी पावसाच्या वर्षांत एल निनो होता.

हाच एल निनो अटलांटिक महासागरात वेगळे रूप दाखवतो. कॅरिबियन बेटे आणि अमेरिकेचा आग्नेय किनारा हा हरिकेन म्हणजे मोठ्या चक्रीवादळांचा प्रदेश आहे. एल निनोच्या वर्षी तिथे वरच्या थरातले वारे जोरदार होतात आणि वादळाचा उभा खांब मोडून टाकतात. म्हणून आपल्याकडे ज्या वर्षी दुष्काळाची धास्ती, त्या वर्षी तिकडे बहुधा वादळे कमी. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे विल्यम ग्रे यांनी हे नाते ओळखून १९८४ पासून हरिकेनचा हंगामी अंदाज द्यायला सुरुवात केली.

ग्रे यांच्या अंदाजालाही आपल्या अंदाजासारखीच मर्यादा होती. हंगामात साधारण किती वादळे होतील हे त्यातून कळायचे. कोणत्या गावावर, कोणत्या दिवशी वादळ आदळेल हे कळायचे नाही. १९९२ चा हंगाम तिकडे शांत गेला. वादळे कमी झाली. पण त्या मोजक्या वादळांतले अँड्र्यू हे एक २४ ऑगस्ट रोजी दक्षिण फ्लोरिडावर आदळले आणि त्याने हजारो घरे भुईसपाट केली. तिथल्या माणसांना हंगाम शांत असल्याचा काहीही उपयोग झाला नाही. कृष्णाकाठच्या माणसाने हे उदाहरण लक्षात ठेवावे, कारण २०१९ मध्ये त्याच्या वाट्याला असेच आले.

शिवाय एल निनो एकटा सारे ठरवत नाही. १९९७ मध्ये शतकातला एक अतिशय जोरदार एल निनो होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा जास्त तापला, तर त्याचा मान्सूनला हातभार लागतो; त्या वर्षी तसेच झाले होते. ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणून ओळखली जाणारी ही स्थिती शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये स्पष्ट केली. एप्रिलमध्ये आणखी एक अडचण असते. प्रशांत महासागर पुढे कोणत्या बाजूला कलेल, हे मार्च ते मे या काळात ओळखणे सर्वांत अवघड जाते. म्हणूनच हवामान विभाग मे महिन्याच्या अखेरीस सुधारित अंदाज देतो. एप्रिलच्या अंदाजात ५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा धरलेली असते, मेअखेरच्या अंदाजात ४ टक्के. बातमीत एप्रिलचा आकडा मोठ्या टायपात येतो, पण निर्णयासाठी मेअखेरचा आकडा जास्त कामाचा असतो.

चुकांतून सुधारलेले गणित

या शास्त्राने अपयशही पाहिले आहे. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर यांच्या मार्गदर्शनाखाली १६ घटकांचे प्रारूप तयार झाले. समुद्राचे तापमान, वाऱ्यांची दिशा, हिमालयातला बर्फ अशा १६ खुणांवरून ते हंगामाचा पाऊस सांगत असे. त्याची पुढची अनेक वर्षे चांगली गेली आणि ‘गोवारीकर मॉडेल’ घराघरांत पोचले. पण २००२ मध्ये अंदाज होता १०१ टक्क्यांचा आणि पाऊस झाला ८१ टक्के. त्या वर्षी जुलैत पावसाने देशभर मोठी ओढ दिली.

त्यानंतर विभागाने पद्धत बदलली. २००३ पासून अंदाज दोन टप्प्यांत दिला जाऊ लागला. २००७ मध्ये नवी सांख्यिकीय पद्धत आली. तरी २००९ मध्ये ९६ टक्क्यांचा अंदाज असताना पाऊस ७८ टक्केच झाला. २०१२ मध्ये राष्ट्रीय मान्सून मिशन सुरू झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने समुद्र आणि हवा यांची एकत्र गणिते मांडणारे प्रारूप महासंगणकावर चालवायला घेतले. २०२१ पासून अनेक प्रारूपांचा मेळ घालून अंदाज दिला जातो आणि देशाच्या कोणत्या भागात कमी, कोणत्या भागात जास्त पावसाची शक्यता आहे, याचे नकाशेही मिळतात. २०१५ मध्ये जूनच्या सुरुवातीला ८८ टक्के सांगितले होते, पाऊस झाला ८६ टक्के. २०२४ मध्ये १०६ टक्के सांगितले, झाला १०८ टक्के. देशाच्या एकूण पावसाबद्दल हे शास्त्र आता पूर्वीपेक्षा खूपच भरवशाचे झाले आहे.

आपली अडचण त्याच्या पुढे सुरू होते. देशाचा एकूण पाऊस कुठल्याच एका शिवारात पडत नाही.

महाबळेश्वर ते दहिवडी

अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर जाताना हवा थंड होते, बाष्पाचे ढग होतात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तिथून रस्त्याने १९ किलोमीटरवरच्या पाचगणीत तो दोन हजारांच्या आत येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलो की हजाराच्याही खाली. पुढे माण तालुक्यातल्या दहिवडीला पोचेपर्यंत तो साधारण साडेचारशे-पाचशे मिलिमीटरवर आलेला असतो. महाबळेश्वर आणि दहिवडी एकाच जिल्ह्यात आहेत, सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात तो हाच. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके त्या छायेत येतात.

एका घरात एकाने चार भाकरी खाल्ल्या आणि दुसरा उपाशी राहिला, तर हिशेबात दोघांच्या वाट्याला सरासरी दोन-दोन भाकरी येतात, पण उपाशी माणसाचे पोट त्याने भरत नाही. सातारा जिल्ह्याच्या सरासरी पावसाचे असेच आहे. हवामान विभागाने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. सातारा आणि सांगली ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतात आणि हा उपविभाग उत्तरेला नंदुरबारपासून दक्षिणेला कोल्हापूरपर्यंत पसरलेला आहे. या उपविभागात ‘सरासरीइतका पाऊस’ झाला, असे सप्टेंबरअखेर जाहीर होते तेव्हा पश्चिमेकडचे मुसळधार पावसाचे नवजा आणि पूर्वेकडचे कोरडे जत या दोन्ही ठिकाणची कहाणी त्या एका वाक्यात गुंडाळली गेलेली असते.

दोन भागांत नुसते पावसाचे प्रमाण वेगळे नाही, पावसाची जातही वेगळी आहे. पश्चिम भागात जुलै आणि ऑगस्ट हे मुख्य महिने. तिथे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांची संततधार असते. पूर्व भागात मात्र खरा आधार सप्टेंबरचा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याचा. तो पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो, बंगालच्या उपसागरातून पश्चिमेला सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येतो. माणदेशात मृगापेक्षा उत्तरा आणि हस्ताकडे डोळे लागलेले असतात, ते यामुळेच. शाळूची पेरणी या परतीच्या पावसावर होते, विहिरींना पाणी त्यानेच येते.

सरकारी हिशेबात मान्सूनचा हंगाम ३० सप्टेंबरला संपतो आणि हंगामी अंदाजाचा आकडाही तिथेच थांबतो. हस्त आणि चित्रा नक्षत्रांचा पाऊस त्यात पूर्ण मावत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरलेले कमी दाबाचे क्षेत्र सोलापूर, सांगली, साताऱ्यावरून पश्चिमेला गेले आणि कोरड्या तालुक्यांतले ओढे-नाले फुटून वाहिले. जून ते सप्टेंबरच्या कोणत्याही टक्केवारीत तो पाऊस नव्हता.

२०१९ : एकाच वर्षी दोन्ही टोके

हंगामी अंदाज कुठे उपयोगी पडतो आणि कुठे अपुरा ठरतो, हे समजायला २०१९ सारखे दुसरे वर्ष नाही. त्या एप्रिलमध्ये हवामान विभागाने ९६ टक्के पाऊस सांगितला होता. जूनमध्ये अरबी समुद्रातल्या ‘वायू’ चक्रीवादळाने मान्सूनची वाट अडवली. देशात जूनचा पाऊस सरासरीपेक्षा ३३ टक्के कमी झाला. पूर्व भागात चारा छावण्या आणि टँकर चालूच राहिले. तोवर सगळ्यांना दुष्काळ दिसत होता.

जुलैच्या अखेरीस चित्र पालटले. बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्राने अरबी समुद्रावरचे वारे जोराने ओढून घेतले आणि घाटमाथ्यावर दिवसामागून दिवस मुसळधार पाऊस कोसळू लागला. कोयना झपाट्याने भरली. कोयनेचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, वारणेचे हरिपूरला, पुढे पंचगंगेचे नरसोबाच्या वाडीला. सगळ्या नद्या एकाच वेळी भरून आल्या. सांगलीतले बोलणे मग एवढ्यावरच येऊन ठेपते : आयर्विनला किती फूट? कोयनेचे दरवाजे किती उचलले? किती क्युसेक सोडले? आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, २००५ च्या महापुरापेक्षाही वर. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे बुडाली. त्याच आठवड्यात जत, आटपाडी आणि माणमधल्या गावांना टँकरने पाणी जात होते.

सप्टेंबरचा पाऊस देशात १५२ टक्के झाला आणि हंगाम ११० टक्क्यांवर संपला. जूनमध्ये दुष्काळ, ऑगस्टमध्ये महापूर, आणि तिकडे पूर्वेला पुराच्या दिवसांतही तहान. यातले काहीही ९६ किंवा ११० या आकड्यांत दिसत नाही. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ या वादळांच्या काळात अवकाळी पाऊस झाला, आणि नुकत्याच छाटणी झालेल्या द्राक्षबागांत दावण्या रोग पसरला, घड कुजले.

त्याच्या तीनच वर्षे आधी, एप्रिल २०१६ मध्ये, सलग दोन कमी पावसाच्या वर्षांनंतर लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने न्यावे लागले होते. ती गाडी मिरजेहून सुटत होती. ज्या कृष्णेने त्या उन्हाळ्यात दूरच्या शहराची तहान भागवली, तीच कृष्णा तीन वर्षांनी काठच्या गावांत शिरली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे दहिवडीला वर्षभरात पडतो त्याहून अधिक. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. देशाच्या हिशेबात २०२१ चा हंगाम ९९ टक्के, म्हणजे अगदी सरासरीइतका होता.

टक्केवारी कशी वाचावी

हंगामाची सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या ५० वर्षांच्या मोसमी पावसाची सरासरी. संपूर्ण देशासाठी ती ८७ सेंटिमीटर आहे. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सरासरीइतका. ९० टक्क्यांच्या खाली अपुरा आणि ११० च्या वर अतिरिक्त. वरवर पाहता ९४ आणि ९६ यांत फारसा फरक वाटत नाही, पण २०२३ मध्ये ९४ टक्क्यांवर हंगाम संपला तेव्हा इथे काय झाले ते पाहा. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ नंतरचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उभी खरिपाची पिके फुलोऱ्यात असताना पावसाने ओढ दिली. राज्य सरकारने ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत वाई, खंडाळा, शिराळा, कडेगाव, खानापूर, मिरज यांचा समावेश होता. शिराळा आणि वाई हे डोंगराला लागून असलेले तालुके. चार महिन्यांच्या बेरजेत थोडीशी तूट आणि एका महिन्यात पीक करपून जाणे, ही दोन्ही एकाच वर्षात बसू शकतात.

नव्या नकाशांत टक्केवारीऐवजी शक्यता दिलेली असते. काहीच माहिती नसेल तेव्हा कमी, मध्यम आणि जास्त या तिन्ही पावसांची शक्यता सारखी, म्हणजे साधारण ३३-३३ टक्के धरतात. नकाशात आपल्या भागावर ‘जास्त पावसाची शक्यता ५५ टक्के’ असे असेल, तर पारडे जास्त पावसाकडे झुकले आहे. पण १०० पैकी ४५ वेळा तसे होणार नाही, हेही तोच नकाशा सांगतो. अशा अंदाजावर सगळा पैसा एका पिकावर लावू नये. जमिनीचा मोठा वाटा झुकलेल्या बाजूला द्यावा आणि थोडा वाटा उलट्या बाजूसाठी राखावा, हे शहाणपणाचे. एका वर्षात असा अंदाज चुकला किंवा बरोबर आला, यावरून त्याची पारख होत नाही. दहा-पंधरा वर्षे त्याच्या आधारे निर्णय घेतले तर फायदा दिसतो.

कोणत्या कामाला कोणता अंदाज

आता मुख्य गोष्ट. अंदाज एक नसतो, त्याचे टप्पे असतात आणि प्रत्येक कामाचा टप्पा वेगळा आहे.

मेअखेरचा हंगामी अंदाज मोठ्या आणि लवकर बदलता न येणाऱ्या निर्णयांसाठी आहे. ऊस किती क्षेत्रावर ठेवायचा, चाऱ्याची तजवीज किती करायची, टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजनांची आवर्तने कशी आखायची, पिण्यासाठी किती पाणी राखायचे. धरणांनाही तो लागतो. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातले ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवून वीज करण्यासाठी ठरलेले आहे, उरलेल्या पाण्यावर खालची शेती आणि गावे उभी आहेत. धरण लवकर भरले तर पुराच्या वेळी जागा उरत नाही, आणि जागा राखून पाऊस थांबला तर उन्हाळ्यात टंचाई येते. हा तोल साधताना हंगाम कोणत्या बाजूला झुकला आहे, हे कळण्याला मोल आहे.

दुसरा टप्पा चार आठवड्यांचा. दर गुरुवारी हवामान विभाग पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. पावसाला खंड पडणार की जोर येणार, हे त्यातून पहिल्या दोन आठवड्यांपुरते बऱ्यापैकी कळते. पेरणी आणि पावसाची ओढ यांसाठी हा अंदाज महत्त्वाचा. मृगाच्या पहिल्या सरीला घाई करून पेरायचे आणि मग दुबार पेरणीचा खर्च सोसायचा, हे पूर्व भागात वारंवार घडते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावर, वापसा पाहून पेरावे, हा कृषी विभागाचा सल्ला आहे. त्याला गुरुवारच्या अंदाजाची जोड दिली तर तो आणखी पक्का होतो.

तिसरा टप्पा पाच-सात दिवसांचा आणि चौथा काही तासांचा. फवारणी, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, शेडवर सुकत घातलेला बेदाणा, हळद काढणी या कामांना तिसरा लागतो. पुराला आणि दरडीला दोन्ही. पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा या टप्प्यांचा असतो. मे महिन्यात ‘यंदा पाऊस सरासरीइतका’ ऐकले म्हणून जुलैतल्या लाल इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे जीवघेणे ठरते. दोन्ही अंदाज वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

नक्षत्रांचा हिशेबही याच चौकटीत बसतो. मृग, आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त ही सूर्याच्या गतीशी बांधलेली असल्यामुळे दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतात. शेकडो वर्षांच्या अनुभवातून कोणत्या पंधरवड्यात कशा पावसाची अपेक्षा धरायची, हे त्यांनी शेतकऱ्याला शिकवले. ते हंगामाचे उत्तम वेळापत्रक आहे. यंदा त्या वेळापत्रकात कुठे बिघाड होणार, हे मात्र समुद्राच्या तापमानाकडे पाहूनच कळते. पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनावरून ते कळत नाही.

आपल्या हातातले काम

या दोन जिल्ह्यांत हवामानाचा अभ्यास चांगला रुजलेला आहे. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात ढगच तिथे जमिनीवर उतरतात, म्हणून ती जागा निवडली गेली. मांढरदेवच्या डोंगरावर संशोधनासाठी रडार बसवले गेले. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडलांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. तरी एका मंडलात अनेक गावे येतात, आणि वळवाचा पाऊस एका गावात पडून शेजारचे गाव कोरडे सोडतो. पीक विमा, दुष्काळाची मदत आणि पुढचे अंदाज सुधारणे, हे सारे या नोंदींवर अवलंबून असते. जिथे पर्जन्यमापक नाही, तिथला पाऊस हिशेबातच येत नाही.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि प्रत्येक शाळेने एक साधा पर्जन्यमापक उघड्या जागेत बसवावा. रोज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस वहीत लिहावा आणि ती वही जपून ठेवावी. मुलांना ही मोजणी शिकवावी. दहा वर्षांची अशी वही हाती असलेल्या गावाला देशाच्या टक्केवारीचा आपल्या शिवारासाठी अर्थ लावता येतो : एल निनोच्या वर्षी आपल्याकडे किती पडला, परतीचा पाऊस किती वेळा हुकला, ओढ नेमकी कोणत्या पंधरवड्यात पडते.

आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो आकडा वाचाल तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा : किती, कुठे, केव्हा? पहिल्याचे उत्तर त्यात मिळेल. दुसऱ्यासाठी मेअखेरचा नकाशा आणि गावाची वही पाहा. तिसऱ्यासाठी दर गुरुवारचा अंदाज आणि रोजचा इशारा पाहा. तिन्ही उत्तरे हाती आल्याशिवाय बियाणे जमिनीत टाकू नका आणि नदीकाठी निर्धास्त झोपू नका.